पीक संरक्षणाची बंदूक : काडतूस आत न बसणे व बाहेर न निघणे

अकोट, तेल्हारा, अंजनगाव या मेळघाटाच्या पायथ्याच्या पट्ट्यात मका, भुईमूग व हरभऱ्यावर रानडुकरे आणि रोही यांचा उपद्रव नेहमीचा आहे. त्यासाठी काही घरी परवान्याची बंदूक असते. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये पीक संरक्षणाकरिता ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. १२ बोरची एकनळी किंवा दोननळीही अनेकांकडे असते. वर्षातून दहा महिने खुंटीवर टांगलेली ही बंदूक ऐन पावसाळ्यात काढली की काडतूस आत जात नाही, किंवा उडालेले बाहेर येत नाही. डुक्कर वावरात आणि मालक अंधारात खिळ्याने काडतूस उपटतो आहे, ही स्थिती फार धोक्याची आहे.

प्रथम दोष कशात आहे ते ओळखावे. हे काम दिवसा, घरातील मुले दूर ठेवून करावे. बहुतेक दोननळी बंदुकीची पुढची लाकडी पट्टी काढली की नळ्या दस्त्यापासून वेगळ्या होतात. अशा सुट्या नळीत काडतूस टाकून पाहावे. समोर घोडा नसल्याने ते चुकून उडण्याची भीती राहत नाही. काडतूस दोन्ही नळ्यांत अडत असेल तर दोष बहुधा काडतुसाचा. एकाच नळीत अडत असेल तर त्या नळीचा. काडतूस पूर्ण बसते पण बंदूक मिटत नाही, तेव्हा काडतुसाच्या पितळी कडेखाली किंवा एक्स्ट्रॅक्टरच्या खाचेत माती अथवा जुन्या दारूची काजळी साचलेली असते. एक्स्ट्रॅक्टर म्हणजे नळी मोडताना कडेला धरून काडतूस वर उचलणारा तुकडा. त्याची खाच काडीने कोरून साफ करावी.

कागदी नळकांड्याची जुनी काडतुसे मृगापासून पोळ्यापर्यंतच्या दमट हवेत फुगतात. अशी काडतुसे दाबून बसवू नयेत. उन्हात किंवा चुलीजवळ वाळविणे तर कदापि नको. ती बाजूला काढून परवानाधारक विक्रेत्याचा सल्ला घ्यावा. प्लास्टिकची काडतुसे फुगत नाहीत, परंतु त्यांची लांबी पाहावी लागते. जुन्या बंदुकांचे चेंबर ६५ मिलिमीटरचे असते व हल्ली ७० मिलिमीटरची काडतुसे सर्रास मिळतात. ते आत सहज बसते, म्हणून चालेल असे वाटते. पण ७० हे माप उडाल्यानंतर उघडलेल्या काडतुसाचे आहे. उडताना त्याचे तोंड चेंबरपुढच्या निमुळत्या भागात उघडते आणि दाब वाढतो. नळीवरील माप जाणकाराकडून वाचून घ्यावे. २० बोरचे काडतूस १२ बोरच्या घरात ठेवूच नये. ते नळीत पुढे सरकून अडकते, मागून १२ बोरचे बसते आणि नळी फुटते.

उडालेले काडतूस अडकल्यास ते निघाल्यावर नीट पाहावे. अंगावर उभे ओरखडे असतील तर चेंबरला गंज लागून खड्डे पडले आहेत. कड एका बाजूस कुरतडली असेल तर एक्स्ट्रॅक्टर झिजला आहे. काढण्यासाठी बंदूक उघडून नळीच्या तोंडाकडून लाकडी किंवा पितळी सळईने हलके ठोकावे. मात्र ते उडालेले आहे याची खात्री असेल तरच! न उडालेले काडतूस अडकले तर सळई घालू नये, टोपीला खिळा लावू नये.

चाप ओढूनही बार झाला नाही तर बंदूक लगेच उघडू नका. तोंड मोकळ्या, सुरक्षित दिशेला धरून निदान एक मिनिट थांबा; ओलसर काडतूस उशिरा उडू शकते. बार नुसता फुसका झाला तर बंदूक रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहा. आत बोळा अडकला असताना पुढचा बार केल्यास नळी फाटते.

काहींकडे .२२ बोरची जुनी रायफल असते, क्वचित लिव्हरचीही. या काडतुसाची ठिणगी कडेतच असते. रिकामा चाप ओढत राहिल्यास पिनचा घाव चेंबरच्या काठावर बसून तेथे उंचवटा येतो आणि काडतूस अडते. चेंबरमध्ये शिसे व मेण साचणे हे दुसरे कारण. लिव्हर अर्धवट ओढल्यानेही पुढचे काडतूस तिरपे येते. ती शेवटपर्यंत खाली नेऊन मगच मिटावी. रानडुकरासाठी मात्र हे काडतूस अपुरे आहे. जखमी डुक्कर माणसावर उलटते. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार वन विभागाच्या परवानगीशिवाय डुक्कर किंवा रोही मारता येत नाही.

साफसफाईला घासलेट व जुने सुती धोतर पुरे. सळई चेंबरकडून घालावी. नंतर बंदुकीचे किंवा शिलाई मशीनचे पातळ तेल लावावे. करडई किंवा जवसाचे तेल लावू नये. ते वाळून चिकट थर धरते व घोडा जड होतो. बार करण्यापूर्वी चेंबर कोरडे पुसावे, कारण तेल टोपीत मुरल्यास काडतूस निकामी होते.

झिजलेला एक्स्ट्रॅक्टर किंवा सैल बिजागरी गावच्या लोहाराकडून किंवा वेल्डिंगवाल्याकडून दुरुस्त करून घेऊ नये. शस्त्रदुरुस्तीलाही परवाना लागतो. जाताना बंदूक रिकामी ठेवून परवान्याची मूळ प्रत व अडकलेले नळकांडे सोबत न्यावे. ते पाहून कारागिराला निम्मे निदान तेथेच होते.