आधी समोरची काच पाहा

हिवाळ्यात उत्तर नॉर्वेला जुना कॅमेरा घेऊन जातेय म्हटलं, की लोक थंडीचंच विचारतात. उणे वीसमध्ये चालेल का, बॅटरी टिकेल का, बटणं गोठणार नाहीत ना. प्रश्न रास्त आहेत, पण थंडीचा बंदोबस्त करता येतो. माझे फोटो गेले ते ओलाव्यापायी. त्यातून कॅमेरा रेंजफाइंडर असेल, तर हा ओलावा फोटो काढताना दिसतच नाही. सेकंडहँड लायका एम8 किंवा एम9 गळ्यात अडकवून तिकडे निघायचा बेत असेल, तर हे आधी ऐकून घ्या.

रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघत नाही. कॅमेऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात वेगळी खिडकी असते, तिच्यातून बघायचं. मधल्या उजळ चौकोनात दोन प्रतिमा दिसतात. लेन्स फिरवून त्या एकमेकींवर बसवल्या की फोकस झाला. म्हणजे बघायची काच एक आणि फोटो टिपणारी काच दुसरी. एम9 हा 2009 सालचा कॅमेरा. फुल फ्रेम, 18 मेगापिक्सेलचा सीसीडी सेन्सर, लाइव्ह व्ह्यू नाही. मागचा अडीच इंची स्क्रीन इतका ढोबळ, की फोटो आलाय एवढंच कळतं. तो शार्प आहे की नाही, हे मुक्कामाला पोचून लॅपटॉप उघडल्यावर. तरी मी तोच नेते. लेन्स मुठीत मावते, ॲपर्चरची रिंग आणि अंतराचे आकडे लेन्सवरच कोरलेले असतात, आणि सूर्य बुडाल्यावर तिकडे जो निळा उजेड रेंगाळतो, त्याचा रंग या सेन्सरवर उतरतो तसा मला दुसऱ्या कुठल्या कॅमेऱ्यात मिळालेला नाही.

मी स्वीडनमधल्या किरुनाहून रेल्वेने अबिस्कोला गेले, तिथून नॉर्वेतल्या नार्विकला आणि पुढे बसने लोफोटेन बेटांवर. अबिस्को आणि लोफोटेन दोन्ही साधारण 68 अंश उत्तरेला, मधलं हवाई अंतर दोनशेएक किलोमीटर. हवा मात्र अगदी वेगळी. अबिस्को डोंगरांच्या आडोशाला आहे, समुद्राकडून येणारे ढग अलीकडेच रिकामे होतात. म्हणून तिथली थंडी कडक, कोरडी आणि आकाश बरेचदा मोकळं. नार्विकचं बंदर अटलांटिकमधल्या उबदार प्रवाहामुळे भर हिवाळ्यातही गोठत नाही, आणि म्हणूनच किरुनाचं लोहखनिज विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून रेल्वेने तिथे येतं. हाच प्रवाह लोफोटेनचं तापमान शून्याच्या आसपास ठेवतो. त्यामुळे तिथे पडतो तो भुरभुरीत बर्फ नसतो. पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी वाऱ्याबरोबर आडवं येतं, आणि त्यात समुद्राचे खारे तुषार मिसळलेले असतात. एम8 आणि एम9 यांना पाणी-धुळीपासून बचावाचं कसलंही सील नाही.

हामनॉयच्या पुलावरून लाल रंगाच्या कोळी झोपड्यांचा, मागे सरळ उठलेल्या कड्याचा फोटो प्रत्येक जण काढतो. मीही तिथे बराच वेळ उभी होते. ढग सरकत होते, कड्यावर मध्येच प्रकाशाची तिरीप यायची, खिडकीतून सगळं स्वच्छ दिसत होतं. रात्री लॅपटॉपवर पाहिलं तर बहुतेक फोटोंच्या डाव्या अंगाला धुरकट डाग, त्यात झोपड्यांचे दिवे पसरलेले. समोरून येणाऱ्या वाऱ्याने लेन्सवर थेंब आणून ठेवले होते. एसएलआर असता तर पहिल्याच थेंबाला समोरचं दृश्य विरघळल्यासारखं झालं असतं, हात आपोआप रुमालाकडे गेला असता. रेंजफाइंडरची खिडकी काहीच सांगत नाही.

तेव्हापासून माझी सवय अशी: कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी उलटा करून समोरची काच बघायची. प्रत्येक वेळी, ऊन असलं तरी. लेन्सला हूड हवाच. वर साधा यूव्ही फिल्टर हवा, म्हणजे मिठाचे थेंब पुसताना मूळ काचेवर चरे पडत नाहीत. मायक्रोफायबरचे रुमाल चांगले मूठभर न्या आणि वेगवेगळ्या खिशांत ठेवा, कारण एकदा खाऱ्या पाण्याने भिजलेला रुमाल काच पुसत नाही, माखतो. फुंकर मारून थेंब उडवायला जाऊ नका. श्वासातली वाफ काचेवर बसते. वारा तोंडावर येत असेल तर दोन फोटोंच्या मध्ये कॅमेरा जॅकेटच्या बाहेर, पण काच अंगाकडे वळवून धरा. जॅकेटच्या आत नको, आत अंगाची वाफ असते. लेन्सची टोपी तर मुक्कामावरच ठेवून निघा. टोपी तशीच राहिली तरी खिडकीतून जग स्वच्छच दिसतं.

आता थंडीबद्दल. अबिस्कोत रात्री अरोरा बघायला उभं राहिलं की बॅटरी झपाट्याने उतरते, हे कुठल्याही कॅमेऱ्याला लागू आहे. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायच्या. या कॅमेऱ्यांची खरी अडचण वेगळी आहे. बॅटरी आणि कार्ड दोन्ही तळाच्या धातूच्या झाकणाखाली असतात. कडी फिरवून ते झाकण पूर्ण काढावं लागतं आणि ट्रायपॉडचा आटा त्या झाकणातच आहे. म्हणजे बॅटरी बदलायची तर कॅमेरा ट्रायपॉडवरून उतरवा, झाकण काढा, ते दातांत धरायचा मोह आवरा (धातू ओठाला चिकटतो), बॅटरी बदला, झाकण लावा, पुन्हा ट्रायपॉडवर चढवून चौकट जुळवा. जाड हातमोज्यांत हे जमत नाही आणि उघड्या बोटांत मिनिटभरात जीव उरत नाही. झाकण बर्फात पडलं तर खाचांत बर्फ भरून बसतो. म्हणून बॅटरी अर्धी दिसत असली तरी ट्रायपॉडवर चढवण्याआधीच नवी घाला. हातमोज्यांचे दोन थर ठेवा, आत पातळ लोकरीचे. झाकणासाठी जॅकेटचा एक चेनवाला खिसा कायमचा ठरवून टाका, त्यात दुसरं काहीही ठेवू नका.

अरोराच्या बाबतीत रेंजफाइंडरची एक बाजू भक्कम आहे. अंधारात जोडप्रतिमा दिसत नाही, पण या लेन्स अनंतावर, म्हणजे इन्फिनिटीच्या खुणेवर, जाऊन टक्क थांबतात. ऑटोफोकस लेन्स बरेचदा त्याही पुढे फिरते आणि मग तारे फुगतात. इथे रिंग शेवटपर्यंत फिरवली की काम झालं. मात्र जुन्या लेन्सची ही शेवटची खूण तंतोतंत असेलच असं नाही, म्हणून घरूनच रात्री ताऱ्यांचा फोटो काढून तपासून घ्या. फिल्टर मात्र रात्री काढायचा. अरोराचा हिरवा उजेड ऑक्सिजनचा, 557.7 नॅनोमीटर या जवळजवळ एकाच तरंगलांबीचा असतो; फिल्टरच्या सपाट काचेत तो परावर्तित होऊन फोटोच्या मध्यभागी एकात एक वर्तुळं उमटतात. ती नंतर कशानेही जात नाहीत.

आणखी एक गोष्ट मनाची तयारी करून ठेवण्यासारखी. लांब एक्स्पोजरनंतर एम9 स्वतःहून तेवढाच वेळ शटर बंद ठेवून दुसरा, काळा फोटो घेतो आणि त्यातून नॉइज वजा करतो. हे बंद करता येत नाही. दहा सेकंदांचा फोटो म्हणजे वीस सेकंद कॅमेरा अडकलेला. हिरवा पडदा डोक्यावर उलगडत असताना ही दहा सेकंदं फार लांब वाटतात. आयएसओ 2500 पर्यंत जातो खरा, पण मी 1250च्या वर जात नाही. त्यापेक्षा एफ 2 किंवा एफ 1.4ची लेन्स नेलेली बरी. मधल्या सेकंदांत कॅमेऱ्याशी झटापट करत बसू नका, मान वर करून आकाश बघा. त्यासाठीच एवढ्या लांब आलेले असतो आपण.

दिवसा बर्फ फसवतो. कॅमेऱ्याचं मीटर बर्फालाही मधला करडा समजतं, त्यामुळे एक ते दीड स्टॉप वाढवावा लागतो. पण सूर्य चौकटीत असेल तर हे सूत्र सोडून द्या. या सीसीडीत एकदा पांढरं झालेलं परत येत नाही. सावल्या मात्र बऱ्याच उचलता येतात. फेब्रुवारीत तिकडे सूर्य दिवसभर क्षितिजालगतच फिरतो, त्यामुळे हा प्रसंग रोजचा आहे. म्हणून डीएनजी या रॉ फाइलमध्येच फोटो काढा.

त्याच दिवसांत लोफोटेनमध्ये कॉड मासा वाळत घालायला सुरुवात होते. लाकडी मांडवांवर शेपट्या बांधून जोडीजोडीने मासे लटकवतात; मीठ नाही, उष्णता नाही, फक्त गार वारा, आणि मे महिन्यापर्यंत ते तिथेच. नुसतं त्या मांडवाखाली उभं राहिलं तरी चौकटी सुचत जातात. काम करणाऱ्या माणसांना आधी विचारा, मग त्यांच्या हातांच्या वेगात फोकस जुळवत बसू नका. 28 मिलिमीटरची लेन्स एफ 8 वर, अंतर तीन मीटर, एवढं लावून ठेवलं की साधारण दोन मीटरपासून आठ मीटरपर्यंत सगळं पकडीत येतं. लेन्सवरच्या डेप्थ ऑफ फील्डच्या खुणा फिल्मच्या काळातल्या हिशोबाच्या आहेत, डिजिटलवर त्या जरा सैल पडतात. म्हणून एफ 8 लावून एफ 5.6च्या खुणा वाचायच्या. इथे मला हा कॅमेरा सगळ्यांत जवळचा वाटतो. खिडकीत चौकटीच्या बाहेरचंही दिसत असतं, त्यामुळे टोपली उचलून येणारा माणूस आत शिरण्याआधीच कळतो.

बाहेरून आत येताना मात्र घाई करायची नाही. कोकणात पावसाळ्यात एसीच्या खोलीतून अंगणात आलं की लेन्सवर वाफ धरते. तिकडे उलटं, थंडीतून उबदार खोलीत शिरताना धरते, आणि नुसती बाहेरच्या काचेवर नाही तर रेंजफाइंडरच्या आतल्या प्रिझमवरही. मग जोडप्रतिमा फिकी पडते, आणि वारंवार असं झालं तर आत बुरशीला निमंत्रण. दाराबाहेर असतानाच कार्ड काढून घ्या, कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून हवा काढून बंद करा, आणि आत आल्यावर ती पिशवी दोन तास उघडू नका. हीटरजवळ ठेवू नका. लोफोटेनमध्ये दिवस संपला की आधी गोड्या पाण्याने किंचित ओलावलेल्या कापडाने मीठ पुसायचं, मग कोरड्याने.

विकत घेणार असाल तर दोन सूचना. एम9च्या मूळ सेन्सरवरची काच कालांतराने गंजते, ही गोष्ट जाहीर आहे. कंपनीनेही 2014 मध्ये ती मान्य करून सेन्सर बदलून द्यायला सुरुवात केली होती. एफ 16 वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढून बघा. साफ करूनही न जाणारे, भोवती उजळ कडा असलेले ठिपके दिसले तर तो कॅमेरा सोडा; नाही दिसले तरी सेन्सर बदललेला आहे याचा कागद मागा. एम8 इन्फ्रारेड प्रकाशाला फार संवेदनशील आहे, त्यामुळे काळं कृत्रिम कापड जांभळट येतं. उत्तरेत निम्मे लोक काळ्या जॅकेटात असतात, तेव्हा प्रत्येक लेन्सला यूव्ही-आयआर फिल्टर लागणारच. अरोराच्या रात्री तोही काढायचा.

शेवटचं काम निघण्याआधी घरीच करायचं. दूरच्या एखाद्या ठसठशीत उभ्या वस्तूवर, पुण्यात असाल तर सिंहगडावरच्या टीव्ही मनोऱ्यावर, लेन्स अनंतावर ठेवून खिडकीतून बघा. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसायला हव्यात. वर-खाली सरकलेल्या असतील तर त्रास होतो, पण फोकस बिघडत नाही. डावी-उजवीकडे सरकलेल्या असतील तर बिघडतो, आणि मग दुरुस्तीला निदान महिनाभर हाताशी ठेवून कॅमेरा जाणकाराकडे द्या. अनेक दिवस बसचे धक्के खाल्ल्यावर हेच पुन्हा बिनसू शकतं. म्हणून प्रवासातही दर सकाळी एखाद्या दूरच्या शिखरावर तपासा. बिनसलंच तर तिथे स्क्रू फिरवू नका. लाइव्ह व्ह्यू नसल्यामुळे केलेली दुरुस्ती बरोबर की चूक हे तिथल्या तिथे कळायला मार्ग नाही. परत येईपर्यंत लेन्सवरच्या अंतराच्या आकड्यांवर आणि एफ 8 वर काम चालवा.