माहितीचे राखणदार : वसई-विरारच्या तरुणांपुढील एक नवा व्यवसाय

पहाटेपासून विरारहून चर्चगेटकडे धावणाऱ्या लोकल गाड्यांतून माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात काम करणारे अनेक तरुण-तरुणी रोज प्रवास करतात. मुंबईतील बँका, विमा कंपन्या व व्यापारी कचेऱ्या यांच्या संगणकांची देखभाल करून ही मंडळी रात्री घरी परततात. परंतु ज्या शहरात ती राहतात तेथील महानगरपालिका, सहकारी बँका, कारखाने, शाळा आणि जिल्ह्यातील ग्रामपंचायती यांचे व्यवहारही आता संगणकावरच चालतात. या व्यवहारांची राखण कोणी करावयाची, हा प्रश्न आज जिल्ह्यापुढे उभा आहे.

वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या नगरपरिषदा आणि परिसरातील गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेनुसार तिच्या क्षेत्रातील लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. एवढ्या मोठ्या वस्तीचे कर, दाखले, ठेवी व वेतन ज्या यंत्रणेतून फिरतात, ती एक दिवस बंद पडली तर काय होईल, याची कल्पना करणे अवघड नाही.

पुण्याचा धडा

सहकारी बँकांची परंपरा वसईत जुनी आहे. बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँकेची स्थापना १९१८ सालची आहे. म्हणूनच २०१८ साली पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर जे संकट कोसळले, ते येथील वाचकांनी नीट समजून घेण्यासारखे आहे.

ग्राहक एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा पैसे देण्यास परवानगी मागणारा संदेश एका मध्यस्थ यंत्रणेमार्फत बँकेच्या मुख्य संगणकाकडे जातो. या यंत्रणेस स्विच असे म्हणतात. गुन्हेगारांनी घातक प्रणाली घुसवून खऱ्या स्विचऐवजी एक बनावट स्विच उभा केला. बनावट कार्डावरून आलेल्या प्रत्येक मागणीला तो परस्पर होकार देऊ लागला. ११ ऑगस्ट २०१८ या एकाच दिवशी काही तासांत २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतातून अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ ऑगस्ट रोजी आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळविण्यात आले. एकूण रक्कम ९४ कोटी ४२ लाख झाली. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरविले.

११ ऑगस्टला दुसरा शनिवार होता आणि त्यापुढे रविवार. चोर सुट्टी पाळत नाही. पहारेकऱ्यानेही ती पाळून चालत नाही, हा यातील पहिला बोध होय. दुसरा बोध असा की, यंत्रे कितीही महागडी असली तरी नेहमीपेक्षा वेगळे काही घडत आहे हे ओळखणारा आणि त्याच क्षणी व्यवहार थांबविण्याचा अधिकार असलेला माणूस जागेवर असावा लागतो.

नियम आले, माणसे हवीत

नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घालून दिली. डिसेंबर २०१९ मध्ये तिला चार पातळ्यांचे स्वरूप देण्यात आले. बँक जितक्या अधिक संगणकीय सेवा देते, तितकी तिची जबाबदारी अधिक, हे त्यामागील सूत्र आहे. संगणकीय आपत्तींना तोंड देणारी केंद्र शासनाची संस्था सर्ट-इन हिने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार, ठरावीक प्रकारच्या घटनांची खबर सहा तासांच्या आत देणे आणि संगणकांच्या कामकाजाच्या नोंदी १८० दिवस जपणे कंपन्यांना तसेच शासकीय संस्थांना बंधनकारक करण्यात आले. ही कामे कागदावर होत नाहीत. ती करणारा प्रशिक्षित मनुष्य लागतो.

वसई पूर्वेकडील लहान कारखानदारांसही हा विषय परका नाही. जून २०१७ मध्ये युक्रेनमधील एका हिशेब-प्रणालीतून जगभर पसरलेल्या घातक प्रणालीमुळे उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले होते. हल्ला कोणावर रोखलेला होता याला फारसे महत्त्व राहत नाही. वाटेत जो बेसावध सापडतो त्याचेही नुकसान होते. कामाच्या माहितीची प्रत रोज वेगळ्या ठिकाणी, मुख्य जाळ्यापासून तोडून ठेवणे, हा त्यावरचा स्वस्त व खात्रीचा उपाय आहे.

ग्रामपंचायत आणि नागरिक

ग्रामपंचायतींचा निधी आता ई-ग्रामस्वराज प्रणालीतून, दोन अधिकृत व्यक्तींच्या डिजिटल स्वाक्षरीने खर्ची पडतो. दोन स्वाक्षऱ्यांचा हेतू एकमेकांवर नजर राहावी हा आहे. सोयीसाठी दोघांची उपकरणे व परवलीचे शब्द एकाच्याच हाती सोपविले, तर हा हेतू विफल होतो. कोऱ्या धनादेशावर सही करून तो दुसऱ्याच्या खणात ठेवण्यासारखेच हे आहे.

फसवणूक झालेल्या नागरिकाने १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब दूरध्वनी करावा. त्याची रक्कम ज्या बँकेत पोहोचली असेल त्या बँकेस यंत्रणेमार्फत सूचना जाते, आणि पैसे खात्यात शिल्लक असल्यास ते रोखता येतात. चोर ही रक्कम भराभर एका खात्यातून दुसऱ्यात फिरवीत असल्याने येथे प्रत्येक मिनिट मोलाचे आहे. वसई तालुका ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या कक्षेत आहे. जिल्ह्याचे इतर तालुके पालघर जिल्हा पोलिसांकडे आहेत. पण हद्द कोणती, या विचारात वेळ दवडू नये. तसेच ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही, हे ग्रामसभेत व पालकसभेत वारंवार सांगितले गेले पाहिजे.

शिक्षण आणि कामाचे स्वरूप

या व्यवसायाचा पाया म्हणजे संगणकांचे जाळे, कार्यप्रणाली, प्रोग्रॅमिंग आणि माहितीसाठ्याची रचना यांचे पक्के ज्ञान. कुलपाची बनावट ठाऊक नसलेल्यास ते सुरक्षित आहे की नाही हे सांगता येत नाही. वसई रोड येथील विद्यावर्धिनी, विरारचे विवा आणि पालघरचे सेंट जॉन या महाविद्यालयांत संगणक अभियांत्रिकीच्या शिक्षणाची सोय आहे. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेली सी-डॅक ही संस्था संगणक यंत्रणा व सुरक्षा या विषयाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालविते.

कामाचे प्रकारही अनेक आहेत. नोंदींवर रात्रंदिवस पाळीने लक्ष ठेवणारे विश्लेषक, लेखी परवानगीने यंत्रणेतील कच्चे दुवे शोधणारे परीक्षक, नियमांचे पालन तपासणारे लेखापरीक्षक आणि डिजिटल पुरावा जतन करणारे न्यायसहायक तज्ज्ञ हे त्यांपैकी प्रमुख होत. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमामुळे डिजिटल पुराव्यासोबत द्यावयाच्या प्रमाणपत्रास विशेष महत्त्व आले असून, या शेवटच्या कामास पोलीस, वकील व न्यायालये या सर्वांकडून मागणी आहे.

दोन धोक्याच्या सूचना

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. पहिली अशी की, परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात अप्रामाणिकपणे शिरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ खाली गुन्हा असून, त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. गंमत म्हणून केले, हा बचाव ठरत नाही. थोड्या पैशांसाठी आपले बँक खाते दुसऱ्यास वापरू देणारा तरुणही असाच अडचणीत येतो. चोरीचा पैसा त्याच्या नावावर फिरतो आणि पोलीस प्रथम त्याच्याच दारी येतात.

दुसरी गोष्ट परदेशी नोकरीच्या आमिषाची. माहिती तंत्रज्ञानात कुशल असलेल्या भारतीय तरुणांना थायलंडमधील नोकरीच्या नावाखाली म्यानमारमध्ये नेऊन फसवणुकीच्या कामास जुंपले जाते, असा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ मध्ये दिला होता. ज्या हातांनी माहितीची राखण करावयाची, तेच हात चोरीस लावले जावेत, यासारखी दुःखाची गोष्ट नाही. नेमणूकपत्र, मालक संस्था आणि प्रवासाचा परवाना यांची खात्री केल्याखेरीज कोणीही घर सोडू नये.

प्रत्येक बँकेने, कार्यालयाने व पंचायतीने संगणक सुरक्षेची जबाबदारी एका व्यक्तीवर नावानिशी सोपवावी, तिला प्रशिक्षणासाठी वेळ द्यावा, आणि संशय येताच व्यवहार थांबविण्याचा अधिकारही द्यावा. एवढे झाले तर रोज लोकल पकडून मुंबईची राखण करणाऱ्या वसई-विरारच्या कुशल तरुणांपैकी काहींना आपल्या गावाची राखण करूनही सन्मानाने उपजीविका करता येईल.