‘बसणे’ सोडताना : आजारी माणसाचा नकार आणि माळकऱ्याचे कर्तव्य



माळ घालताना जे नेम सांगतात त्यांत मद्य वर्ज्य हा नेम येतोच. तेव्हा दारूसंबंधी लेख या मासिकात कशाला, असे कित्येकांस वाटेल. ज्याने माळ घातली त्याचा तो प्रश्नच मिटला, हे खरे. पण दिंडीत चालणारा प्रत्येक जण माळकरी नसतो. माळकऱ्याच्या घरातही भाऊ असतो, जावई असतो, नोकरीला लागलेला मुलगा असतो. तो वाईट मनुष्य नसतो. रोज पिणारा नसतो, रस्त्यात पडणारा तर नाहीच. चार माणसांत, लग्नकार्यात, पगाराच्या दिवशी ‘थोडी घेतो’ एवढेच. अशा मनुष्याला चाळिशी-पन्नाशीत मधुमेह, रक्तदाब किंवा यकृताचा विकार जडतो आणि डॉक्टर सांगतात, ‘आता बंद.’ तेथून पुढे त्याच्यावर जे प्रसंग येतात त्यांचा विचार या पाठात करावयाचा आहे. कारण त्या प्रसंगांत आपणही, म्हणजे न पिणारी माणसेही, सामील असतो.

संगतीचे नाव ‘बसणे’

कल्याणहून कर्जतच्या गाडीत बसले की पहिले स्टेशन विठ्ठलवाडी. त्यापुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. या पट्ट्यातली वस्ती नाना ठिकाणांहून आलेली. उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या जागी, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवलेले गाव. १९४९ साली त्याला हे नाव मिळाले, तरी लोक अजून ‘कॅम्प’ म्हणूनच ओळखतात. अंबरनाथास शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले शिवालय आहे, तसाच दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आणि मोठी औद्योगिक वसाहतही आहे. बदलापूर उल्हास नदीकाठचे. तेथला चाकरमानी पहाटेची गाडी धरून मुंबईस जातो व रात्री परततो. मूळची गावे आगरी-कोळ्यांची व इतर भूमिपुत्रांची. घाटावरून व कोकणातून आलेली कुटुंबे निराळी.

एवढ्या तऱ्हेच्या माणसांत एक शब्द मात्र सगळ्यांना कळतो : ‘बसायचं का?’ यात दारूचे नावही नाही. आमंत्रण आहे ते बसण्याचे, म्हणजे संगतीचे. हळदीच्या रात्री मांडवामागे बसतात, सौदा झाला म्हणून बसतात, रात्रपाळी संपली म्हणून बसतात. आषाढी एकादशी होऊन तीन आठवडेही उलटत नाहीत तोच आषाढी अमावास्या येते. मूळची ती दिव्यांची अमावास्या. घरातले दिवे घासूनपुसून पूजावयाचा दिवस. तिला ‘गटारी’ म्हणून बसतात.

म्हणून ज्याला दारू सोडावयाची आहे त्याच्यापुढचा खरा प्रश्न पेल्याचा नसतो. पेला सोडला तर माणसे सुटतील काय, हा असतो. रोज पिणाऱ्याला दारूची ओढ असते. चारचौघांत घेणाऱ्याला चारचौघांची ओढ असते. हा भेद ध्यानात न घेता नुसते ‘दारू वाईट, सोड’ म्हणणे म्हणजे पायातल्या काट्यासाठी डोक्याला लेप लावणे होय.

देहात काय घडते

आता आजाराकडे पाहू. ‘डॉक्टर सगळ्यांनाच नको म्हणतात’ असे म्हणून लोक सोडून देतात, म्हणून कारण समजून घेतले पाहिजे.

मधुमेह : आपण उपाशी असतो तेव्हा यकृत साठवलेली साखर थोडी थोडी रक्तात सोडीत असते. पोटात दारू गेली की यकृत ती निस्तरण्यात गुंतते व साखर सोडण्याचे काम मंदावते. जो इन्शुलिन घेतो, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेतो, त्याची साखर अशा वेळी एकदम खाली येऊ शकते. कधी मध्यरात्री, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी. घाम सुटतो, हात कापतात, जीभ अडखळते, शुद्ध हरपते. भोवतालची माणसे तोंडाचा वास घेतात आणि म्हणतात, ‘चढली आहे, झोपू द्या.’ या झोपू देण्यात प्राण जाऊ शकतो. मेटफॉर्मिन घेणाऱ्याने पुष्कळ प्याल्यास रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो, तो वेगळाच.

रक्तदाब : दारूने दाब वाढतो व नेहमी घेणाऱ्याचा वाढलेलाच राहतो. गोळी एकीकडे ओढते, पेला दुसरीकडे. घेणे कमी केले तर काही आठवड्यांत दाब उतरू लागतो.

यकृत : हा अवयव फार सोशिक. त्यात चरबी साठते तेव्हा पुष्कळदा काहीच दुखत नाही. दारूमुळे साठलेली चरबी दारू सोडल्यावर थोड्या आठवड्यांत ओसरू शकते. पण पुढची पायरी आली, यकृत घट्ट व गाठाळ झाले, की मग थोडीदेखील सुरक्षित राहत नाही. ज्याला ब किंवा क प्रकारची कावीळ चिकटली आहे त्याने तर पहिल्यापासूनच दूर राहावे.

क्षय : क्षयावरच्या मुख्य गोळ्यांपैकी तिघींचा भार यकृतावरच पडतो आणि साधे उपचारही सहा महिने चालतात. त्यात दारू मिसळली म्हणजे कावीळ होऊन औषध बंद पडण्याची भीती. आणि औषध अर्धवट राहिले तर रोग बळावतो.

मधुमेह ही आज थोड्यांची कथा राहिली नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेह्यांची संख्या दहा कोटींहून अधिक धरली. त्याच साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की प्रकृतीला निर्धोक असे दारूचे कोणतेच प्रमाण नाही.

शंका व समाधान

पहिली शंका : ‘मी दारू घेत नाही, फक्त बीअर घेतो.’ हिशेब करू. ६५० मिलिलिटरच्या स्ट्राँग बीअरच्या बाटलीत सुमारे ८ टक्के मद्यार्क धरला तर तो ५२ मिलिलिटर होतो. व्हिस्कीचा ६० मिलिलिटरचा मोठा पेग, ४२.८ टक्क्यांनी, सुमारे २६ मिलिलिटर. म्हणजे एक बाटली म्हणजे दोन मोठे पेग झाले. नाव बदलल्याने यकृत फसत नाही.

दुसरी शंका : ‘त्या दिवशी गोळी घेत नाही, म्हणजे झाले.’ हे तर दुहेरी नुकसान. गोळी चुकवून आजार मोकळा सोडला आणि वर दारू घातली.

तिसरी शंका : ‘एकदम सोडली तर त्रास होतो म्हणतात.’ ही शंका खरी आहे, पण सर्वांस लागू नाही. प्रसंगोपात्त घेणाऱ्याने आजच्या आज थांबावे. काही होत नाही. परंतु जो रोज पुष्कळ घेतो, ज्याचे सकाळी हात कापतात, त्याने मनानेच एकाएकी थांबू नये. अशांना एक-दोन दिवसांत झटके येतात, भ्रम होतो, जिवावर बेतते. त्याने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

चौथी शंका परमार्थाची आहे : ‘भीतीने सोडली, भक्तीने नव्हे, मग तिचे मोल काय?’ याचे उत्तर गीतेच्या सातव्या अध्यायात आहे. तेथे भक्तांचे चार प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत पहिले नाव आर्ताचे आहे, म्हणजे दुःखाने पोळून आलेल्याचे. ज्ञानी भक्त श्रेष्ठ खरा, पण उदार म्हणून गौरव चौघांचाही केला आहे. देवाच्या दारी आर्त परका नसेल, तर आपल्या मंडपात तो कमी कसा? दुखण्याने सोडलेली दारूही सोडलेलीच असते.

माळ ही सबब नव्हे

आता या पाठाचा मुख्य मुद्दा. आपल्याकडे एक चमत्कारिक गोष्ट आहे. ‘मी माळकरी आहे’ असे म्हटले की पाजणारा हात जोडतो आणि पेला बाजूस ठेवतो. पण ‘मला शुगर आहे’ म्हटले की तोच म्हणतो, ‘एकाने काय होतंय रे? आम्हाला पण आहे शुगर!’ माळेच्या नकाराला मान आणि आजाराच्या नकाराला थट्टा. याचा परिणाम असा की काही जण आजार लपवतात आणि सुटका म्हणून माळेचे नाव सांगतात. कोणी नुसतेच सांगतो, कोणी गळ्यात घालूनही टाकतो.

समजा, अंबरनाथच्या कारखान्यातल्या एखाद्या फिटरला यकृताचा विकार निघाला. मित्रांच्या आग्रहापासून सुटण्यासाठी त्याने माळ घातली. एकादशी नाही, वारी नाही, हरिपाठ नाही. पुढे हळदीत मटण खाताना कोणी पाहिले. झाले, चेष्टा सुरू. मग माळ उतरली आणि माळेबरोबर पथ्यही गेले. अशाने माळेची अप्रतिष्ठा होते आणि रुग्णाचा जीवही धोक्यात येतो. माळ ही पांडुरंगाशी केलेला करार आहे. ज्याला आजारातून वैराग्य उपजले त्याने ती आनंदाने, सर्व नेमांसह, अधिकारी माणसाच्या हातून घालावी. ज्याची तेवढी तयारी नाही त्याने सरळ सांगावे, ‘माझी प्रकृती ठीक नाही, डॉक्टरांनी बंद केली आहे.’ यात लाज नाही.

१९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. त्या बंदीच्या दिवसांत प्रकृतीचे कारण दाखवून दारूचा परवाना मिळवता येई. आजार ही पिण्याची सबब होती. आज आजार न पिण्याचे कारण म्हणून सांगितला तर कोणी ऐकून घेत नाही. हे उलटे आपणच सुलटे केले पाहिजे.

आपण काय करावे

एक. जो मान माळेला मिळतो तो आजारी माणसाच्या ‘नको’ला मिळवून द्यावा. हळदीत भावजी नको म्हणत असतील तर शेजारच्या माळकऱ्याने तिथल्या तिथे म्हणावे, ‘त्यांनी एकदा सांगितलं ना? दुसऱ्यांदा विचारू नका.’ एवढ्या एका वाक्याने त्याचे काम सोपे होते.

दोन. सुटलेल्या बैठकीच्या जागी दुसरी बैठक द्यावी. ज्याची शनिवारची संध्याकाळ रिकामी झाली त्याला भजनाला घेऊन यावे. टाळ धरता येत नसेल तर मागे बसू द्यावे. ‘आता आली अक्कल’ असे शब्द कोणीही काढू नयेत. ठाणे-रायगडच्या काही गावांनी हळदीतली दारू बंद करण्याचे ठराव केले आहेत. कार्य आपल्या घरचे असेल तर ठरावाची वाट कशाला पाहावी? कोकम सरबताने मांडव ओस पडत नाही.

तीन. घरातल्या बायकांनी टोचून बोलू नये. पण गोळ्या कोणत्या व केव्हाच्या हे माहीत करून घ्यावे. साखर उतरल्याची लक्षणे दिसली आणि माणूस शुद्धीवर असेल तर साखरपाणी द्यावे; शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता १०८ ला फोन करून दवाखान्यात न्यावे. इन्शुलिन घेणाऱ्याने निर्जळी एकादशीचा हट्ट डॉक्टरांना विचारल्यावाचून धरू नये.

चार. ज्याला एकट्याने जमत नाही त्याने मदत मागावी. उल्हासनगरचे सरकारी मध्यवर्ती रुग्णालय जवळच आहे. व्यसनमुक्तीसाठी सरकारचा १४४४६ हा विनामूल्य दूरध्वनी आहे. पुण्याचे ‘मुक्तांगण’ हे केंद्र डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केले. ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ ही १९३५ साली अमेरिकेत निघालेली मंडळी आपल्याकडेही सभा भरवतात. तेथे दारू सोडलेला मनुष्य सोडू पाहणाऱ्याच्या शेजारी बसतो. म्हणजे तेही एक बसणेच. फक्त संगत बदललेली.

आपला संप्रदाय संगतीचे महत्त्व जाणणारा आहे. एकट्याने पंढरीस जाता येते, तरी आपण दिंडीने जातो. कारण थकलेल्याची पडशी दुसरा घेतो आणि मागे राहिलेल्यासाठी दिंडी थांबते. आजाराने ज्याच्या हातून पेला सुटला तोही असाच वाटेत थकलेला एक वाटसरू आहे. येत्या लग्नसराईत तो आपल्या शेजारी येऊन बसेल. त्याला जागा करून द्यावी, एवढीच वाचकांच्या चरणी विनंती.

रामकृष्णहरी.