पापणीवरची गोचीड

भोर-वेल्ह्याच्या डोंगरात चरून आलेल्या गुराच्या कानामागे गोचीड पाहिली नाही, असा विद्यार्थी तिकडे विरळाच. हीच गोचीड क्वचित माणसाच्या पापणीलाही चिकटते. तिचा दंश बहुधा जाणवत नाही. रक्त पिऊन ती फुगली, की घरची मंडळी म्हणतात, पापणीवर चामखीळ आली!

चामखिळीला पाय नसतात. तेव्हा भिंग घ्या. ५ सेंमी नाभीय अंतराचे भिंग डोळ्याजवळ धरल्यास वस्तू १ + २५/५, म्हणजे ६ पट मोठी दिसते. आठ पाय दिसले, तर निदान झाले. (अंड्यातून नुकत्याच निघालेल्या गोचिडीला मात्र सहाच पाय असतात.) नेत्रवैद्याच्या स्लिट लॅम्पमध्ये भिंगांच्या जोडीला प्रकाशाचा अरुंद पट्टा असतो. तो स्वीडनच्या गुलस्ट्रँडने १९११ साली पुढे आणला.

आता ती काढायची कशी? गवताचे कुसळ धोतरात शिरते, पण उलटे निघत नाही. गोचिडीच्या सोंडेवरही तसेच मागे वळलेले दात असतात. शिवाय बऱ्याच जाती लाळेचा चिकट लेप घट्ट करून बसतात. हिसका दिला, तर सोंड तुटून आत राहते. पोट दाबले, तर शाईच्या ड्रॉपरसारखा आतला द्रव जखमेत जाऊ शकतो. रॉकेल, चटका हे उपाय डोळ्याजवळ तर घातकच. डॉक्टर बारीक चिमट्याने तिला कातडीलगत धरून सरळ, संथपणे ओढतात. पापणीवर हे काम त्यांनीच करावे.

त्यानंतर काही दिवसांत ताप आला, तर गोचीड चावल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगावे. प्रत्येक गोचिडीत रोगजंतू नसतात. पण १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात आढळलेला माकडताप गोचिडीच पसरवतात. त्याचा विषाणू पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने शोधला. २०१६ साली सिंधुदुर्गातही या तापाची साथ आली होती.

पापणीच्या केसांत कधी खेकड्यासारखी रुंद ऊही सापडते. तिची श्वसनछिद्रे अंगाच्या कडेला असतात. डॉक्टरांनी दिलेल्या घट्ट मलमाने ती बुजतात व ऊ गुदमरते. केसाला डकवलेली लीख मात्र तगते, म्हणून ती फुटेपर्यंत, सुमारे दहा दिवस, मलम चालू ठेवावे लागते.