जुन्या कोठाराचें लांकूड

अमेरिकेच्या पूर्व भागांत शेतांवर गवत, धान्य व गुरें यांकरितां बांधलेलीं जुनीं, मोठमोठीं लांकडी कोठारें आढळतात. त्यांस तिकडे 'बार्न' म्हणतात. पडावयास आलेल्या अशा कोठाराच्या तुळया व फळ्या उतरवून कुशल सुतार त्यांचीं मेजें, बांकें व कपाटें करितात. नवें लांकूड मिळत असतां हा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील.

याचें एक उत्तर चेस्टनट वृक्षाच्या इतिहासांत आहे. त्याचें लांकूड वजनानें हलकें, सरळ फाटणारें आणि टॅनिनमुळें सहसा न कुजणारें. म्हणून पूर्वीं तें कोठारांस फार वापरीत. परंतु १९०४ सालीं न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयांतील या वृक्षांवर आशियांतून आलेली एक बुरशी आढळली. पुढील सुमारें ५० वर्षांत तिनें ३ ते ४ अब्ज वृक्ष मारिले. मुळांना आजही धुमारे फुटतात. पण ते मोठे होण्यापूर्वींच बहुधा वाळतात. अशा लांकडाची मोठी फळी आतां मुख्यतः जुन्या इमारतींतच सांपडते. ती वायां गेली तर दुसरी सहज मिळावयाची नाहीं.

म्हणून करवत लावण्यापूर्वीं चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, लोखंड. आंत मोडलेला एक खिळा राहिला तरी पातें तुटून इजा होऊं शकते. यास्तव धातुशोधक यंत्र फिरवून खिळे काढावेत. दुसरी, कीड. भट्टींत लांकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसवर निदान ३० मिनिटें तापविला म्हणजे आंतील बहुतेक किडे मरतात. तिसरी, ओल. उघड्यावरील लांकूड कोरडें दिसलें तरी त्यांत ओल असते. न सुकवितां मेज केल्यास मागाहून तें आकसतें व सांधे सुटतात. चौथी, रंग. जुन्या रंगांत विषारी शिसें असण्याचा संभव असतो. अमेरिकेंत घरगुती रंगांतील शिशावर १९७८ सालीं बंदी आली. असा रंग घांसून धूळ उडवूं नये, कारण ती लहान मुलांस विशेष बाधते.

आपल्याकडे जुने वाडे उतरवितांना निघणाऱ्या सागवानासही हेच नियम लागू आहेत. मात्र धडधाकट इमारत केवळ फळ्यांच्या लोभानें पाडणें ही काटकसर नव्हे, नासाडीच होय. जें पडणारच आहे, त्यांतलें चांगलें पारखून वांचविणें, हीच खरी काटकसर.