मूल पांचवींत जातें तेव्हां

पांचवीच्या प्रवेशासाठीं आमच्याकडे जे पालक येतात ते बहुतकरून दोन प्रश्न विचारतात. इंग्रजी कसें शिकवितां, हा एक. आणि नवोदयच्या परीक्षेची तयारी करून घेतां काय, हा दुसरा. दोनहि प्रश्न रास्त आहेत. परंतु ज्यावर त्या मुलाचें सारें वर्ष अवलंबून असतें तो तिसरा प्रश्न, म्हणजे आमच्या मुलास मराठी नीट वाचतां येतें कीं नाहीं, हा विचारणारा पालक विरळा. चौथी झाली म्हणजे वाचतां येत असणारच, असें घरीं गृहीत धरलेलें असतें. त्या तिसऱ्या प्रश्नाकडे आम्ही येणारच आहों. तत्पूर्वीं ही पांचवी म्हणजे काय चीज आहे तें पाहूं.

पांचवी ही इयत्ता आपल्याकडे मुळांतच दोन घरांची आहे. इंग्रजी अमदानींत गांवच्या शाळेंत मराठी चार इयत्ता होत, आणि त्यापुढें ज्यास शिकावयाचें असे तो मुलगा मोठ्या गांवीं जाऊन ‘इंग्रजी पहिलींत’ बसे. तेथून सात इयत्ता चढला म्हणजे मॅट्रिक. ती इंग्रजी पहिली म्हणजेच आजची पांचवी. पुढें इयत्तांचीं नांवें बदललीं, तरी हायस्कूल पांचवीपासून धरण्याची चाल महाराष्ट्रांत टिकली. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला, त्यानें मात्र पहिली ते पांचवी हें प्राथमिक आणि सहावी ते आठवी हें उच्च प्राथमिक ठरविलें. त्यामुळें कायद्याच्या लेखीं पांचवी ही खालच्या जिन्याची शेवटची पायरी, आणि लोकांच्या लेखीं वरच्या जिन्याची पहिली. शाळेंत मिळणाऱ्या भाताचें मापहि कायद्याच्या बाजूचें आहे : पहिली ते पांचवीच्या मुलास दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावीपासून १५० ग्रॅम. म्हणजे हायस्कूलच्या आवारांत आलेलें पांचवीचें मूल ताटापुरतें अजून प्राथमिकच असतें!

खंडाळा म्हटलें कीं परगांवच्या मनुष्यास बोरघाटांतलें थंड हवेचें ठिकाण आठवतें. आमचें खंडाळें सातारा जिल्ह्यांतलें, खंबाटकी घाटाच्या अलीकडचें. या तालुक्यांत लहान वाड्या पुष्कळ. तेथील मूल चौथीपर्यंत घराच्या हाकेवर शिकतें; पांचवीस त्यास शिरवळ, खंडाळा, लोणंद किंवा जवळच्या एखाद्या मोठ्या गांवीं जावें लागतें. ज्या गुरुजींना त्याचें घर, त्याचीं भावंडें, गोठ्यांतलीं जनावरेंसुद्धां ठाऊक होतीं, ते सुटतात. त्यांच्या जागीं पांच-सहा शिक्षक येतात, आणि त्यांतला प्रत्येकजण मुलास दिवसांतून एक तासिकाभर पाहतो. घंटा झाली कीं पुस्तक बदलावयाचें, वही बदलावयाची, बोलण्याची रीतसुद्धां बदलावयाची. मोठ्या माणसास हें कांहींच वाटत नाहीं. दहा वर्षांच्या मुलाची मात्र पहिले दोन महिने तारांबळ उडते. गणिताच्या दिवशीं भूगोलाची वही येते, कंपासपेटी हरवते, सोमवारीं सकाळीं पोटांत दुखतें. यास कांहीं घरांत ‘हायस्कुलांत गेल्यापासून पोर बिघडलें’ असें म्हणतात. बिघडलेलें कांहीं नसतें. वेळापत्रक दाराच्या आंतल्या बाजूस चिकटवावें आणि दप्तर रात्रीं निजण्यापूर्वीं मुलानें स्वतःच भरावें. आईनें भरून देऊं नये. सहामाहींत गुण चौथीपेक्षां थोडे उतरले तरी घाबरून शिकवणी लावण्याची घाई नको. दिवाळीनंतर बहुतेक मुलें मार्गी लागतात.

विषयांत काय बदलतें? मराठी माध्यमाच्या शाळांत हिंदी पांचवीपासून येते. लिपि एकच असल्यानें मुलें ती चटकन वाचूं लागतात, आणि ऱ्हस्वदीर्घाचा घोटाळाहि तितक्याच चटकन दोन्ही भाषांत करूं लागतात. थोडे दिवस तें चालूं द्यावें. इंग्रजी २००० सालापासून पहिलीपासूनच शिकविली जाते, तेव्हां ‘आम्ही पांचवींत एबीसीडी गिरविली’ ही वडीलमाणसांची आठवण आतां लागू पडत नाहीं. इतिहासाचा पालट मात्र मौजेचा आहे. चौथीचें सारें वर्ष मुलें शिवछत्रपतींच्या सहवासांत असतात. पांचवीचें परिसर अभ्यासाचें दुसरें पुस्तक उघडावें तों ‘इतिहास म्हणजे काय’ येथून आरंभ, आणि पुढें आदिमानव, दगडाचीं हत्यारें, शेतीचा शोध. राजा नाहीं, गड नाहीं, लढाई नाहीं. पुष्कळ मुलें येथें हिरमुसतात. ज्या घरीं जातें किंवा पाटा-वरवंटा अजून आहे तेथें आजीनें तो काढून दाखवावा. दगडाला टांकी लावून दळण्याजोगा करणारा मनुष्य कोण असेल, एवढा एक प्रश्न मुलाच्या डोक्यांत शिरला तरी तो धडा जिवंत होतो.

गणितांत रोमन अंक, लाखांच्या संख्या, कोन आणि वर्तुळ हें सर्व आहे. पण पांचवीचा खरा घाट म्हणजे अपूर्णांक, आणि त्याच्या पाठोपाठ येणारे दशांश. अर्धा आणि पाव मुलास भाकरीवरून कळतात. पाव अधिक अर्धा म्हणजे पाऊण हेंहि तोंडी सांगतें; तेंच कागदावर छेद-अंश मांडून दिलें कीं अडतें, कारण हें तेंच आहे असें त्यास कोणी सांगितलेलें नसतें. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी पाठ असलेले आजोबा घरीं असतील तर त्यांना या वर्षीं अवश्य कामास लावावें. शेतकऱ्याच्या घरीं तर याहून चांगलें साधन असतें. लोणंदच्या बाजारांतून कांद्याची पट्टी आली कीं ती मुलाच्या हातीं द्यावी. साडेसात क्विंटल माल पट्टीवर ७.५० असा कां लिहिला, दरानें गुणून रक्कम किती झाली, हमाली आणि तोलाई वजा जाऊन हातीं काय आलें, हें त्यानें पडताळून पाहावें. दोन पट्ट्या पडताळल्या कीं दशांशाची भीति पुष्कळशी जाते.

आतां त्या तिसऱ्या प्रश्नाकडे येऊं. ‘प्रथम’ या संस्थेमार्फत देशांतल्या खेड्यापाड्यांत ‘असर’ नांवाची पाहणी होते. २०२४ सालच्या पाहणींत असें दिसलें कीं, पांचवीच्या मुलांपैकीं दुसरीच्या पुस्तकांतला उतारा वाचूं शकणारीं जेमतेम निम्मीं होतीं. आणि तीन आंकडी संख्येस एक आंकडी संख्येनें भागूं शकणारीं तिघांत एकहि भरत नव्हतीं. आंकडे साऱ्या देशाचे आहेत, पण त्यांतलें मूल आमच्या बाकावरहि बसतें.

अडचण अशी कीं हें मूल चटकन ओळखूं येत नाहीं. चौथीपर्यंत धडे लहान, चित्रें मोठीं. शेजारच्याचें ऐकून आणि धडा पाठ करून त्याचें निभावतें. फळ्यावरचें तें सुबक उतरून घेतें, वही स्वच्छ असते, आणि वही पाहून वडील संतुष्ट होतात. पांचवींत मात्र प्रत्येक विषय वाचूनच शिकावयाचा असतो. गणिताचें उदाहरणसुद्धां तीन-चार ओळींचें असतें. ज्यास त्या ओळी वाचतां येत नाहींत त्याचें गणित कच्चें ठरतें, आणि बाजारांत सुट्या पैशांचा हिशेब तेंच मूल बिनचूक करीत असतें. मग तें वर्गांत बोलावयाचें थांबतें. मागच्या बाकावर जातें. शाळा सोडणारें मूल आठवी-नववींत सोडतें, पण मनानें तें पांचवींतच उठून गेलेलें असतें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

म्हणून घरीं एक साधी परीक्षा घ्यावी. जूनअखेर एखाद्या संध्याकाळीं मुलापुढें वर्तमानपत्र ठेवावें. पाठ्यपुस्तक नको, तें पाठ असूं शकतें. एखाद्या बातमीच्या दहा ओळी मोठ्यानें वाचावयास सांगाव्या. मग कागद मिटून, काय वाचलेंस तें तुझ्या शब्दांत सांग, म्हणावें. आईबापांस स्वतः लिहितां-वाचतां येत नसलें तरी ही परीक्षा घेतां येते : ऐकणाऱ्यास बातमी समजली तर मूल वाचतें. एखाददुसऱ्या जोडाक्षरावर तें अडखळलें तर चिंता नाहीं. पण प्रत्येक शब्दावर बोट थांबत असेल, अथवा सगळें घडाघडा वाचून सांगतां मात्र कांहींच येत नसेल, तर दुसऱ्याच दिवशीं वर्गशिक्षकांस भेटावें. मुलास मारूं नये, आणि भावंडांदेखत हा विषय काढूं नये. जुलैंत कळलें तर हातीं आठ-नऊ महिने राहतात. रोज वीस मिनिटें, दुसरीच्या पुस्तकापासून आरंभ करून, मोठ्यानें वाचन पुरतें. दुसरीचें पुस्तक हातीं घेण्याची लाज वाटत असेल तर धाकट्या भावास गोष्ट वाचून दाखव असें सांगावें. मग तें काम मोठेपणाचें होतें.

मार्चमध्यें कळलें तर? शिक्षणहक्काच्या कायद्यानें आठवीपर्यंत कोणासहि मागें ठेवीत नसत. २०१९ सालीं त्यांत दुरुस्ती होऊन राज्यांना मोकळीक मिळाली, आणि महाराष्ट्रांत २०२३-२४ पासून पांचवी व आठवी या दोन इयत्तांस वार्षिक परीक्षा आली. तींत न उतरलेल्या मुलास ज्यादा शिकवून पुनर्परीक्षा देतात. तींतहि न उतरलें तर तें त्याच वर्गांत राहतें. शाळेंतून मात्र त्यास काढतां येत नाहीं. हा नियम पुष्कळ घरांत अजून ठाऊक नाहीं. ‘वरच्या वर्गांत जाणारच’ या भरंवशावर राहिलेल्या पालकांस पांचवीचा निकाल हा पहिला धक्का असतो.

स्पर्धेच्या परीक्षांविषयीं थोडक्यांत. जवाहर नवोदय विद्यालयाची निवड-परीक्षा पांचवींत असतां द्यावयाची असून ती एकदांच देतां येते. आपल्या जिल्ह्याचें विद्यालय खावली येथें आहे. परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्न, १०० गुण. त्यांतले निम्मे गुण बुद्धिमापनास, उरलेले अंकगणित व भाषा यांस सारखे. जागा जास्तींत जास्त ८०, आणि त्यांतल्या किमान तीन चतुर्थांश ग्रामीण मुलांस. सातारा येथील सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजीं सुरू झाली. देशांतील ती पहिली सैनिक शाळा. तिचीहि सहावीची प्रवेश-परीक्षा याच वर्षीं येते, आणि आतां मुलींनाहि तेथें वाट मोकळी आहे. शिष्यवृत्ति-परीक्षा २०१६-१७ सालीं चौथीवरून पांचवीवर आली होती. ती पुनः चौथीवर नेण्याचा निर्णय सरकारनें २०२५ सालीं केला. ज्या मुलास ओढ आहे त्यानें या परीक्षा अवश्य द्याव्या. पण जिल्ह्यांतून ऐंशी मुलें घेतलीं जातात, हा आंकडा घरांत आधींच मोठ्यानें बोलून ठेवावा. म्हणजे न निवडल्या गेलेल्या मुलास आपण कांहीं गुन्हा केला असें वाटणार नाहीं. आणि ज्यास बातमी वाचतां येत नाहीं त्यास बुद्धिमापनाच्या जाडजूड पुस्तकापुढें बसविणें हा निव्वळ छळ होय.

मुलींविषयीं वेगळें लिहिलें पाहिजे. वाडीवरची मुलगी पांचवीस दूर जाणार म्हटलें कीं घरांत विचार सुरू होतो : एकटी कशी जाईल, हमरस्ता कसा ओलांडील, धाकट्यास कोण सांभाळील. भीति अगदींच अनाठायीं नाहीं. पुणें-सातारा रस्त्यावरची रहदारी आम्हीहि रोज पाहतों. एका वस्तीच्या चार-पांच मुलींनीं मिळून जावें, आणि पहिला पंधरवडा घरच्या कोणी तरी थांब्यापर्यंत सोबत करावी. दुसरी गोष्ट आयांसाठीं. दहाव्या-अकराव्या वर्षीं कांहीं मुलींस ऋतु प्राप्त होतो, आणि अगोदर कोणी सांगितलेलें नसलें तर वर्गांत ती मुलगी फार घाबरते. आईनें वर्षाच्या आरंभींच समजावून ठेवावें, आणि शाळेंतल्या कोणत्या बाईंजवळ जावयाचें तेंहि सांगावें.

याच तालुक्यांतील नायगांवीं ३ जानेवारी १८३१ रोजीं सावित्रीबाई फुले जन्मल्या. १८४० सालीं त्यांचा विवाह झाला तेव्हां आमच्या पांचवीच्या मुलींहून त्या वयानें लहान होत्या, आणि अक्षरें शिकल्या त्या विवाहानंतर, जोतीरावांजवळ. पुढें अहमदनगरास मिस फॅरार यांच्याकडे त्यांनीं अध्यापनाचे धडे घेतले, आणि १८४८ सालीं पुण्यास भिडे यांच्या वाड्यांत मुलींची शाळा उभी राहिली. त्यांच्या नांवानें मागास वर्गांतील मुलींसाठीं जी शिष्यवृत्ति आहे ती पांचवीपासूनच सुरू होते. तिचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत जातो. शाळेस जाण्यासाठीं मुलींना एस.टी.चा विनामूल्य पासहि पांचवीपासूनच मिळतो. पासाला शाळेचा दाखला लागतो. तो शाळा उघडेल त्याच दिवशीं कचेरींत मागावा, म्हणजे भाड्याच्या पैशांपायीं पहिल्याच महिन्यांत मुलीची हजेरी तुटत नाहीं.