पुढचं दार की परसदार? किडनीच्या पेशीतली प्रथिनं आपली जागा कशी गाठतात



'किडनी रक्त गाळते' हे वाक्य मुलं पाठ करतात. पण गाळायला काय, चहाची गाळणी पण गाळतेच की! खरी गंमत गाळल्यानंतर आहे. मोठ्या माणसाच्या किडन्या दिवसाला साधारण 180 लिटर द्रव गाळतात आणि लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचं परत रक्तात जातं. ते परत नेतात किडनीतल्या बारीक नलिकांच्या भिंतीतल्या पेशी.

अशा प्रत्येक पेशीला दोन दारं आहेत असं समजा. पुढचं दार नलिकेच्या पोकळीकडे, परसदार रक्ताकडे. दोन्हीकडची प्रथिनं वेगळी. परसदारी सोडियम-पोटॅशियम पंप बसलेला असतो. तो दर फेरीला 3 सोडियम बाहेर टाकतो आणि 2 पोटॅशियम आत घेतो. पेशीत सोडियम कमी झालं, की नलिकेतलं सोडियम पुढच्या दाराने आत शिरतं आणि येताना ग्लुकोजही घेऊन येतं. आता हाच पंप पुढच्या दारी बसला तर? सोडियम परत लघवीत!

मग प्रथिनाला आपलं दार कळतं कसं? आठवीत आपण गॉल्गी संकुल शिकवतो ना, तिथे ही वाटणी होते, टपाल कार्यालयासारखी. फरक एवढाच, की इथे पत्ता वरून चिकटवलेला नसतो, तो प्रथिनाच्या अंगातच असतो. परसदारी जाणाऱ्या बऱ्याच प्रथिनांच्या शेपटीत ठरावीक अमिनो आम्लांचा छोटासा तुकडा असतो. तो काढून टाकला, की प्रथिन अनेकदा भलत्याच दारी, म्हणजे पुढे जातं. पुढच्या दाराच्या खुणा जरा गुंतागुंतीच्या. कधी शर्करेची साखळी, कधी मेदाचा नांगर. प्रथिनाच्या अंगातच पत्ता असतो, या मूळ शोधासाठी गुंटर ब्लोबेल यांना 1999 चं नोबेल मिळालं.

यातलं बरंचसं कळलं ते एका कुत्र्याच्या किडनीतून 1958 साली वेगळ्या केलेल्या पेशींवरून. त्या आजही प्रयोगशाळांत वाढवतात. 1978 मध्ये दिसलं, की फ्लूचा विषाणू या पेशींच्या पुढच्या दारानेच बाहेर पडतो आणि गुरांना होणाऱ्या एका रोगाचा विषाणू परसदाराने.

वर्गात घ्यायचं तर दहा मुलांना खांद्याला खांदा लावून रांगेत उभं करा. पुढे निळ्या चिठ्ठ्या, पाठीवर लाल. शेजारच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, तो जोड म्हणजे कुंपण. पेशीपटलात प्रथिनं तरंगत असतात, पण कुंपण असल्यामुळे लाल-निळं मिसळत नाही.

काही प्रथिनं तर दाराआड थांबूनच असतात. ॲक्वापोरिन-2 हे पाण्याचं प्रथिन पेशीत छोट्या पिशव्यांत असतं. पाणी कमी पडलं, की मेंदूकडून संप्रेरक येतं, पिशव्या पुढच्या दाराला जोडल्या जातात आणि पाणी आत ओढलं जातं. काही मुलांत जन्मतःच या प्रथिनाची घडण बिघडलेली असते. ते पेशीतच अडकतं, क्वचित परसदारी जातं. मग पाणी वाचत नाही. मूल सारखं पाणी मागतं, सारखं लघवीला जातं. त्याला नाटकी म्हणून बसवून ठेवलं, तर काही तासांतही शरीर कोरडं पडू शकतं. हे संप्रेरक जिथे पोहोचतं तो ग्राहकच बिघडला, तरी हाच त्रास होतो. तो प्रकार जास्त आढळतो, आणि मुख्यतः मुलग्यांत. डॉक्टर या आजाराला डायबिटीस इन्सिपिडस म्हणतात. नावात डायबिटीस असलं तरी साखरेशी याचा संबंध नाही. डब्यातला गोड पदार्थ बंद करून काही उपयोग होत नाही, पाण्याची बाटली मात्र हाताशी लागते.